सव्वानऊची सावली

नोकरीत केलेले बहुतेक पंचनामे मी विसरलो. देवणी तालुक्यातल्या एका गावातली गायचोरी मात्र अजून जशीच्या तशी डोळ्यांपुढे उभी राहते. गुन्हा मोठा नव्हता. पण त्या तपासात मी जे पाहिले, त्याने थक्क झालो आणि आज निवृत्त होऊन नांदेडला घरी बसलो तरी ते आश्चर्य कमी झालेले नाही.

तेव्हा मी त्या भागातल्या ठाण्याचा प्रभारी होतो. संक्रांत जवळ आली होती. गुरुवारी आठवडी बाजाराच्या दिवशी संध्याकाळी एक बाई ठाण्यात आल्या. त्यांचे यजमान भूगोलाचे निवृत्त शिक्षक. काचबिंदूने दोन्ही डोळे गेलेले. गाव त्यांना सर म्हणे. त्यांची देवणी गाय दुपारी गोठ्यातून गेली होती. पहिलटकर होती, महिन्याभरात व्यायची होती.

"साहेब, सर तिच्या दाव्याला धरून रोज मळ्यापर्यंत फिरायला जातात," बाई म्हणाल्या. "आता ते उंबऱ्याबाहेर पाऊल टाकीनात. मी बाजारातून आले तर गोठा मोकळा. सर आत झोपलेले. त्यांना चाहूलसुद्धा लागली न्हाई."

गुन्हा दाखल करून मी जागेवर गेलो. अंगणात लोखंडी खांबावर एक कॅमेरा दिसला आणि माझा जीव भांड्यात पडला. नांदेडला नोकरी करणाऱ्या त्यांच्या मुलीने तो आई-वडिलांच्या काळजीपोटी बसवून घेतला होता. गावात वीज बेभरवशाची, म्हणून उन्हावर चालणारा. खांबाच्या टोकाला वहीएवढे सोलर पॅनेल, खाली गोठ्याकडे तोंड असलेला, हालचाल दिसली की चालू होणारा कॅमेरा, आत सिमकार्ड. मुलीला फोन लावला. ती म्हणाली, "साहेब, बुधवारी संध्याकाळपासून कॅमेरा बंदच दाखवतोय. रेंज नसेल म्हणून मी दुर्लक्ष केलं." म्हणजे चोरीच्या दुपारचे एकही चित्र नव्हते.

अंगणात सांत्वनाला आलेल्यांची गर्दी होती. त्यातल्या एकाने मला बाजूला घेतले. शेजारच्या गावचा जनावरांचा दलाल. "साहेब, नाव घेऊ नका माझं. पण कॅमेरा बसवणाऱ्या वायरमनच्या मोबाइलवर समदं चालू-बंद होतंय. त्याला इचारा."

खबर पटण्यासारखी होती. शुक्रवारी सकाळी वायरमनला ठाण्यात आणले. तिशी ओलांडलेला, दोन लेकरांचा बाप. त्याच्या मोबाइलमध्ये खरोखरच त्या कॅमेऱ्याचे ॲप निघाले. गुरुवारी दुपारी दोन तास तो कुठे होता, याला साक्षीदार नव्हता. मोबाइल मी ड्रॉवरमध्ये ठेवला आणि चौकशी सुरू केली.

"बसवताना जोडणी करावी लागते साहेब, म्हणून ॲप घेतलं. काढायचं राहून गेलं."

"गाय कुठं आहे?"

"लेकरांची शपथ साहेब, मला न्हाई ठाऊक. मी तर पॅनेल गोठ्यावर लावणार होतो. सर म्हणाले, तिथं दुपारनंतर लिंबाची सावली येती. थंडीत सूर्य दक्षिणेकडून खालून जातो, म्हणून खांब अंगणात रोव, पॅनेलचं तोंड दक्षिणेला कर. आंधळ्या माणसानं मला जागा दाखवली, साहेब. अशा माणसाची गाय मी चोरीन का?"

आरोपी अशा गोष्टी सांगतातच, असे मला वाटले. माझ्या मनात अटकेचा निर्णय जवळजवळ झाला होता.

दुपारी एक रिक्षा ठाण्यासमोर थांबली. बाईंनी हात धरून सरांना आत आणले. "जयभीम साहेब," असे म्हणून ते खुर्ची चाचपून बसले.

"तुम्ही वायरमनला आणलंय म्हणे. त्याला सोडा. कॅमेरा मोबाइलवरून बंद झालेला नाही. कुणीतरी पॅनेल फिरवलं होतं."

"तुम्हाला कसं कळलं?"

"अंगणात एक दगड पुरलेला आहे. रोज सकाळी त्यावर मी उन्हाकडं पाठ करून बसतो. सव्वानऊच्या सुमाराला पॅनेलची सावली माझ्या मानेवर येते. तळहाताएवढा गारवा. तो आला की मी उठून गोळी घेतो. सोमवारी तो आला नाही. मंगळवारी, बुधवारी, गुरुवारीही नाही. दोऱ्याएवढं काहीतरी सरकल्यासारखं झालं, बस. मी हिला विचारलं, खांब कलला का? ही म्हणाली, न्हाई. मग मीच माझ्यावर शंका घेतली. पण आज सकाळी सावली पुन्हा जागेवर आली, साहेब. म्हणजे कुणीतरी रविवारी पॅनेल फिरवलं आणि चोरी झाल्यावर परत नीट केलं."

खरे सांगायचे तर विश्वास बसला नाही. तेवढ्यात त्यांच्या मुलीचा फोन आला. कॅमेरा नुकताच आपोआप सुरू झाला होता. वायरमनचा मोबाइल तर सकाळपासून माझ्या ड्रॉवरमध्ये बंद पडून होता.

शनिवारी नऊ वाजता मी स्वतः त्या दगडावर बसलो. टोपी काढली, डोळे मिटले. सर बाजूला उभे होते. आधी नुसते ऊन लागत होते. मग कुणीतरी अलगद बोटे टेकवावीत तसा मानेच्या कडेला गारवा आला, हळूहळू मधोमध सरकला. घड्याळ पाहिले. सव्वानऊला दोन मिनिटे कमी होती.

हवालदाराला पॅनेल उत्तरेकडे फिरवायला सांगितले. क्षणात मानेवर ऊन पडले. मागे वळून पाहिले तर जमिनीवर रुंद सावलीच्या जागी एक बारीक रेघ होती. मी वीस वर्षे गुन्ह्याच्या जागा पाहत आलो होतो. या अंगणातही गुरुवारी येऊन गेलो होतो, तरी खांबाच्या सावलीचा विचार मनात आला नव्हता.

"रविवारी घरी कोण आलं होतं?" मी बाईंना विचारले.

"तो दलाल. गाय इकता का म्हणून. मी पाणी आणाया आत गेले तवा तो खांबापाशीच उभा होता. गुरुवारी सांजच्यालाबी तो आलता की."

दलालाला बोलावले. हात लावला नाही, आवाजही चढवला नाही. चहा दिला.

"रविवारी खांबाला हात लावलात?"

"न्हाई साहेब."

"मग कॅमेरा का बंद पडला असेल?"

"आता पॅनेलचं तोंड उत्तरेला गेल्यावर चार्जिंग कुठनं व्हणार? गाय सारखी हलती, कॅमेरा सारखा चालतो. तीन-चार दिवसांत बॅटरी..."

तो थांबला. उत्तरेचे नाव खोलीत कुणीच घेतले नव्हते. ते त्याच्याही लक्षात आले. कप खाली ठेवून तो म्हणाला, "गाय धडधाकट हाय साहेब." त्याच्या शेतात असाच कॅमेरा होता, त्यावरूनच त्याला ही युक्ती सुचली होती. कर्नाटकच्या हद्दीजवळ शेतातल्या एका आखाड्यावर, गुरांच्या गोठ्यात गाय सापडली. दुसऱ्या दिवशी ती पलीकडच्या बाजारात जाणार होती.

वायरमनला मी शुक्रवारी संध्याकाळीच घरी पाठवले होते. रविवारी त्याच्या घरी जाऊन त्याची माफी मागितली. तो म्हणाला, "साहेब, तुमचं काम तुम्ही केलं. पण आमच्या गल्लीनं मला जीपमधून जाताना बघितलं. आता जरा बाहेर या, चारचौघांत हेच म्हणा." मी बाहेर गेलो आणि गल्लीतल्या लोकांसमोर तेच शब्द पुन्हा बोललो.

न्यायालयाच्या आदेशाने गाय परत देताना सर अंगणात उभे होते. तिने लांबूनच हंबरडा फोडला. सरांनी हात पुढे केला, पण तिच्याकडे गेले नाहीत. तीच चालत आली आणि त्यांच्या हाताखाली मान घातली. बाई पदराने डोळे पुसत होत्या. हवालदारही दुसरीकडे पाहू लागला.

साक्षीदार निवडताना आम्ही पोलीस आधी विचारतो, तुम्ही काय पाहिले? त्या दिवसानंतर मी हा प्रश्न बदलला. ठाण्यात कुणीही आले, म्हातारे, अडाणी, आजारी, तरी मी विचारू लागलो, तुम्हाला काय जाणवले? आणि उत्तर संपेपर्यंत पेन खाली ठेवू लागलो.