थांबलेला चेहरा

संगणक सुरू करायच्या आधी काका त्याच्या डब्यावर बोटातल्या अंगठीने दोनदा टकटक करत आणि म्हणत, "चला, जाऊ द्या." जन्मभर एसटीत कंडक्टरकी केलेला माणूस. निवृत्त होऊन देऊळघाटात घर बांधले, तरी डबल बेल हातातून गेली नव्हती. जेवायला बसतानाही ती ताटाच्या काठावर वाजायची आणि आम्ही हसायचो.

आम्ही म्हणजे मी आणि काकू. काकू हसायच्या त्या डोळ्यांनी. अर्धांगाच्या झटक्यात त्यांची उजवी बाजू गेली होती आणि बोलणेही गेले होते. त्यांचे अंघोळ-जेवण करायला मी त्या घरी जात असे.

त्यांचा एकुलता मुलगा, दादा, परदेशात नोकरीला. जाताना त्याने हा संगणक आणून दिला होता. रविवारी संध्याकाळी लाईन, म्हणजे वीज, आली की तो पडद्यावर यायचा. काकूंचा आठवडा त्यासाठीच उजाडायचा. त्या दिवशी डाव्या हाताने कंगवा दाखवायच्या. केस नीट बसले नाहीत तर पुन्हा दाखवायच्या.

पण व्हायचे असे, की दादाचा चेहरा यायचा, "आई, कशी आहेस" एवढे ऐकू यायचे आणि चित्र अडकायचे. तोंड अर्धे उघडे, भुवया वर. आत पंखा गिरणीसारखा घरघरायचा.

"थांबा," काका म्हणायचे, "गाडी राजूरचा घाट चढून राह्यली."

हा घाट कधी संपायचाच नाही. बोलणे तुटले तरी चित्र तसेच राहायचे. शेवटी लाईन जायची, तेव्हा पडदा काळा व्हायचा.

काकांनी बुलढाण्याहून संगणक दुरुस्त करणारा बोलावला. त्याने पडद्यावर एक खिडकी उघडून दाखवली. मशीनची ताकद कोण किती खाते ते त्यात आकड्यांनी दिसत होते.

"काका, यात दोन-दोन अँटिव्हायरस काऊन टाकले?"

"एकाले डुलकी लागली तं?"

तो हसला, पण मला हसू आले नाही. आधी एकदा कोणाच्या तरी लग्नाचे फोटो पाहायला पेनड्राइव्ह लावला होता. त्यातून व्हायरस शिरला आणि दादाचे लहानपणचे सगळे फोटो गेले. त्या दिवशी काका जेवले नव्हते. दोन राखणदार तेव्हापासून होते.

"हे दोघं एकमेकांलेच चोर समजून झडती घेऊन राह्यले," तो म्हणाला. "त्यातच मशीन दमते."

काका मांडीवर थाप मारून म्हणाले, "म्हणजे एका गाडीत दोन चेकर चढवले, अन् ते एकमेकांचंच तिकीट तपासून राह्यले! गाडी कशी हलन मंग?"

एक चेकर उतरवला. तरी चित्र अडकायचेच. मग काका स्वतः त्या खिडकीसमोर बसू लागले. लाईन आली की बसायचे, गेली की उठायचे. असे पुष्कळ दिवस केल्यावर त्यांना उलगडले. उरलेल्या अँटिव्हायरसच्या तपासणीची वेळ दुपारची ठरवलेली होती आणि दुपारी गावात लाईन नसायची. हुकलेली तपासणी मग लाईन आल्याबरोबर धावत सुटायची.

"पीठगिरणीवर बाया कशा धावतात लाईन आली की? तसंच हे." त्यांनी ती वेळ सकाळची करून टाकली.

त्या रविवारी चित्र पाण्यासारखे स्वच्छ आले. दादाच्या मागचा पडदा वाऱ्याने हलताना दिसत होता. काका माझ्याकडे असे पाहत होते, जणू घाट त्यांनी स्वतः ढकलत पार केला. दादाने तब्येत विचारली, गोळ्या विचारल्या. "मावशी कुठं आहे?" असे माझ्याविषयी विचारले, तेव्हा मी दाराआड सरकले. मग म्हणाला, "चल आई, ठेवतो. काम आहे." चेहरा गेला. चुलीवरच्या चहाला अजून उकळीही आली नव्हती.

काकू डाव्या हाताने पडदा दाखवत राहिल्या.

"झालं ना आता. बोलला ना तो," काका म्हणाले.

काकूंच्या डोळ्यांतून पाणी ओघळले. पुढच्या रविवारीही तेच, त्याच्या पुढच्याही.

तुम्ही तिथे असता तर तुम्हालाही कळले असते. बोलणे काकूंच्या कामाचे नव्हते, त्यांना उत्तर देता येत नव्हते. चित्र अडकायचे, तेव्हा लाईन जाईपर्यंत मुलगा त्यांच्यापुढे बसून असायचा. त्या मला खुर्ची पुढे सरकवायला लावायच्या आणि काचेवर, त्याच्या गालावर, तळवा ठेवून बसायच्या.

नंतरच्या एका रविवारी दादाचा चेहरा आला आणि काकांनी स्वतःच तपासणी सुरू केली. मी पाहिले. पंखा घरघरला. दादा ओठ मिटून हसत होता, तसाच थांबला.

लगेच फोन वाजला. "बाबा, पुन्हा अडकलं का?"

"काय करू रे, गाडी म्हातारी झाली."

काकूंचा हात काचेवर गेला होता. काकांनी फोन ठेवला आणि हळूच मला म्हणाले, "बोलशीन नको कोणाले."

मी मान हलवली. पुढे दर रविवारी ते तपासणी सुरू करत, आणि अशा वेळी स्वतः पडद्यासमोर बसत नसत. बाजूला उभे राहत आणि काकूंकडे पाहत.

दादा चिडू लागला. "ते अँटिव्हायरस काढून टाका म्हणून किती वेळा सांगू?" असे त्याचे बोलणे फोनमधून मलाही ऐकू यायचे. हळूहळू त्याचे रविवार चुकू लागले. पुढे नुसता फोनच यायचा. काका तो काकूंच्या कानाला लावायचे आणि काकू हाताने लोटून द्यायच्या.

मला कोणाला काही सांगायचा धीर होत नाही, पण तेव्हा मी म्हटले, "काका, दादाले खरं सांगून टाका ना."

"काय सांगू, बाई? तू बोलला की तुह्या मायचं भागत नाही, अन् तू गप बसला की भागते, असं सांगू?"

त्या हिवाळ्यात काकू गेल्या. नंतर काकांना दादा आपल्याबरोबर घेऊन गेला, आणि ते तिकडेच वारल्याचे गावाला फोनवरच कळले. घराला कुलूप आहे. मला काका आठवतात ते काकूंना स्मशानात न्यायच्या दिवशीचे.

दादा येईपर्यंत काकूंना बर्फावर ठेवले होते. तो आला, पाया पडला, खूप रडला. मग उठून कोणाकोणाशी बोलू लागला. उंद्रीहून आलेले पाहुणे म्हणाले, "दिवस कलून राह्यला, उचला आता."

काकांनी दादाला दंडाला धरून आणले आणि काकूंच्या तोंडासमोर बसवले. त्याच्या खिशातला मोबाइल वाजला, तो काकांनी काढून स्वतःच्या खिशात घातला. त्याची हनुवटी धरून चेहरा नीट समोर केला.

"बस असा. हलू नको."

"बाबा, लोक थांबले आहेत."

लोक पुढे सरले. काका दोन्ही हात पसरून त्यांना आडवे आले.

"थांबा बे," ते म्हणाले. "पाहू द्या तिले पोराले."