मुरडा आणि संशय

सासूबाई जेऊरहून आमच्याकडे जुळे सोलापुरात राहायला आल्या आणि महिनाभरात त्यांचं पोट बिघडलं. दिवसातून सहा-सात वेळा संडासला जायच्या, व्हायचं थोडंच, पोटात मुरडा मात्र सतत. त्यांचा संशय सरळ माझ्यावर. आमटी चमच्यानं ढवळून, वास घेऊन मगच तोंडात घालायच्या.

"गावाकडं काय बी खाल्लं तरी पचतंय. हितंच काय हुतंय कळंना," असं त्या लेकाला म्हणायच्या, मला ऐकू जाईल एवढ्या आवाजात.

मलाही संशय होता. त्यांना गावी परत जायचंय आणि सरळ सांगवत नाही, म्हणून हे नाटक. मी चपाती केली की मुरडा; शेजारणीनं दिलेली धपाटी मात्र निमूट पोटात जायची. खरंच जुलाब होतायत का, म्हणून मी संडासाच्या दाराशी कानसुद्धा लावला. आता सांगताना लाज वाटते.

एका सकाळी त्या पाणी टाकायला विसरल्या आणि मला दिसलं. शेंबडासारखी आव, त्यात रक्त. मी चरकले.

"रक्त कधीपासून पडतंय?"

"झालं की आठ दिस. मूळव्याध आसंल."

"मग मला सांगायचं नाही का?"

"तुला काय सांगायचं?" म्हणाल्या आणि तोंड फिरवलं.

त्याच दिवशी डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी ताजी संडास लगेच लॅबला पोचवायला सांगितली. अमीबा निघाला. "दुसऱ्याच्या विष्ठेतून पाण्यात, अन्नात जातो," डॉक्टर म्हणाले. "घरात सगळ्यांची तपासणी करा. काहींना काडीचा त्रास नसतो, पण जंतू पोटात असतात."

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. खरंच मीच असेन तर, असं माझ्याही मनात आलं.

गोळ्यांनी त्यांचं तोंड लोखंड चाटल्यासारखं व्हायचं. तिसऱ्या दिवशी मुरडा थांबला आणि चौथ्या दिवशी गोळ्या उशीखाली सापडल्या. "तू कशाच्या गोळ्या देतीस, मला काय म्हाईत?" शेवटी मी डॉक्टरांना फोन लावून स्पीकरवर ठेवला.

"आजी, अर्धवट सोडलं तर दुखणं उलटेल. ह्या संपल्या की दुसऱ्या गोळ्या आहेत, आतड्यात लपून राहिलेले मारायला. त्याही घ्यायच्या."

मग आमचे रिपोर्ट आले. माझा स्वच्छ. जंतू निघाले माझ्या नवऱ्याच्या पोटात, ज्याला वर्षभरात साधी ढेकरही आली नव्हती. आमच्याकडे पाणी चार-पाच दिवसांनी येतं. पिंपातून माठात पाणी तोच भरायचा, तांब्या हातासकट बुडवून.

सासूबाईंनी कागद उलटसुलट केला. "ल्याबवाल्यानं अदलाबदल केली आसंल की."

"आई, माझंच नाव हाय त्यावर."

सासूबाईंना हे दुखणं त्याच्याकडूनच आलं की सोसायटीच्या टाकीतून, हे डॉक्टरही ठामपणे सांगू शकले नाहीत. त्यालाही गोळ्या दिल्या. आम्ही टाकी धुवून घेतली, पाणी उकळून प्यायला लागलो, माठाला तोटी बसवली. पुढच्या तपासणीत दोघंही स्वच्छ निघाले.

सासूबाई मला 'चुकलं' म्हणाल्या नाहीत, मीही त्यांना म्हणाले नाही. पण लेक संडासातून बाहेर आला की त्या बेसिनपर्यंत त्याच्या मागं जायच्या. "साबन लावलास का? दाव हात." आणि मग माझ्याकडे वळून, "तू बी बघत जा की गं याच्याकडं."