साडूचं छत

...नाही गा पियुष, असं नोको लिहू. ताराचंद कामचोर आहे असं कोनी म्हटलं? त्याले साडूची जळण होती, ते लिही.

आपल्या मागच्या खोलीत राहते तोच ताराचंद, प्रेमिलाचा नवरा. चाळिशी कवाचीच उलटली त्याची. हिंगण्याच्या एका कंपनीत पॅकिंगच्या मशीनवर होता, डब्बा घेऊन कंपनीच्या बसनं जाये. मंग कंपनीनं नवी मशीन आनली आन जुन्या मानसायले घरी बसवलं. प्रेमिला म्हणे, बसून काय होते, बिजलीचं काम शिका. म्हणून तो एका सेंटरवर गेला. तिथचे सर भले मानूस. त्यायनं वय नाही विचारलं, हाताले कायची सवय आहे ते विचारलं. ताराचंद म्हणे, मोटारवर हात ठेवला का मले समजते, तापून राहिली का घासून राहिली. सर म्हणे, मंग मोटार भराचा, म्हणजे जळलेल्या मोटारीत नवी तार भराचा कोर्स घ्या. नागपूरच्या उन्हाळ्यात कुलरच्या मोटारी काय कमी जळतात?

घरी येतपर्यंत त्याले ते पटलंही होतं. पन मंधात आला धोंड्याचा महिना.

प्रेमिलाचं माहेर खाप्याले. तिची माय इंदूबाई, धोंडा आला का दोघंही जावई जेवाले बोलावते. मोठा ताराचंद, लहाना रजत, म्हणजे प्रेमिलाची बहीन हर्षा, तिचा नवरा. हा रजत पयले बर्डीच्या बाजारात मोबाइलचे कव्हर इके. मंग त्यानं सोलरचा कोर्स केला, आन आता लोकायच्या छतावर पॅनल बसवते. रोज स्टेटसवर फोटू. डोयाले काळा चष्मा, मागं पॅनल, वरतं आभाळ. ताराचंद तो फोटू पाहे, फोन पालथा ठेवे, आन डबल उचलून, मोठा करून पाहे, कुठं एखादं पॅनल वाकडं बसलं का म्हणून.

खाप्याच्या घरी रीत अशी का पयला पाट मोठ्या जावयाचा. पाय त्याचे आधी धुवाचे, कुंकू त्याले आधी लावाचं, पुरनाचे धोंडे त्याच्या ताटात आधी वाढाचे. औंदाही पाय ताराचंदचेच आधी धुतले. पन बोलनं सारं रजतशी. शेजारचे भैय्याजी तर ऐन जेवनाच्या टायमाले आपल्या छताची लांबी-रुंदी सांगाले येऊन बसले. इंदूबाई तुपाची वाटी घेऊन आली, ध्यान तिचं भैय्याजीच्या बोलन्यात, आन तुपाची धार पडली आधी रजतच्या धोंड्यावर.

एवढीशी धार. पन ताराचंदचा घास हातातच राहिला. इतक्या वर्साचा पाट कोनी खालून ओढून नेला, असं झालं त्याले. कोनी काही विचारलं नव्हतं, तरी तो बोलला, "मीही सोलरच घेतलं. रजतपेक्षा मोठावाला कोर्स."

प्रेमिलाचा हात परातीतच थांबला. कारन घरची पान्याची टाकी धुवाची असली का छतावर तीच चढते. उंचावर ह्याचे डोये गरगरतात.

पन बोललेला शब्द, आन तोही सासरी. वापस कसा घेईन? सेंटरवर जाऊन त्यानं सोलरात नाव टाकलं. सरायनं विचारलं, पक्कं काय? हा म्हणे, पक्कं. फळ्यावरचं सारं समजलंही त्याले. मंग एक दिवस प्रॅक्टिकलले मनीषनगरात एका घराच्या छतावर नेलं. पोरं टनाटन चढली. ताराचंद कठड्याजवळ गेला, खालचा ऑटो त्याले काडीपेटीएवढा दिसला, आन तो मटकन बसला. उठलाच नाही. बसल्या-बसल्याच मागं सरकला आन जिनाही बसूनच उतरला, एक-एक पायरी. अशा वक्तालेही डोक्यात काय, तर रजत अशाच ठिकानी चष्मा लावून उभा राहते.

घरी येऊन म्हणे, मस्त झालं प्रॅक्टिकल. प्रेमिलाले त्याच्या पँटच्या मागं चुना दिसला. तिनं पँट धुतली, आन वाळू घालता-घालता म्हणे, "साडूच्या जिन्यानं चढले तुमी. आता उतराचं कोनाच्या जिन्यानं, जी?"

तो त्या दिवशी रागानं जेवला नाही.

प्रेमिलानं हर्षाले फोन केला. बहिनी-बहिनीच्या पोटात काही राहते काय? रविवारी रजत दारात हजर. ताराचंदले वाटलं, आला आता हासाले. पन रजत हासला नाही. चहा पुढ्यात थंडा होऊ देला आन खाली मान घालून बोलला, "भाऊ, खाप्याच्या घरात पयला पाट तुमचा. जावई झालो तवापासून मी तुमच्यामागून पाय धुवून घेऊन राहिलो. छतावर चढलो तवा कुठं आईनं मले दोन गोष्टी विचारल्या. आता छतही तुमीच घेतलं, तर माह्याजवळ काय राहीन?"

आपल्यावर कोनी जळन, हे ताराचंदले सपनातही वाटलं नव्हतं. आन खरं सांगू काय, त्याले वाईट नाही वाटलं, गोड वाटलं. धोंड्यापेक्षा गोड. त्यानं प्रेमिलाले आवाज देला, रजतले दुसरा गरम चहा आन म्हणून.

दुसऱ्याच दिवशी सेंटरवर जाऊन त्यानं सोलरातून नाव काढलं. मोटारीच्या कोर्सात जागा होती अजून. आता मांडी घालून, खाली जमिनीवर बसून, तांब्याची तार गुंडाळते. आपल्या कुलरची मोटार त्यानंच भरून देली ना. पाह्य, आवाज येऊन राहिला काय काही?

पन जळण गेली असं नोको लिहू. फोटू आला का अजूनही तो मोठा करून पाहते. परवा एक पॅनल जरासं वाकडं सापडलं, तर दिवसभर खुश होता बावा.

बस, आता शेवटचं लिही. हे वाचनाऱ्यायपैकी कोनी खाप्याकडे जाऊन राहिले असान, तर इंदूबाईले माहा निरोप देजा. म्हणा, बाई, पुढच्या धोंड्यात दोन पाट संगच टाकजो, तुपाच्या वाट्या दोन घेजो, आन दोन्ही हातानं संगच वाढजो.