काकूंच्या अहिराणीखालची लाल रेघ

गेल्या महिन्यात कॉलेज रोडला आमच्या ग्रुपचा कार्यक्रम होता, आणि सुलभाकाकू त्यातून मधेच उठून गेल्या...

मुक्त सॉफ्टवेअर, म्हणजे जे कुणीही वापरावं, हवं तसं बदलावं आणि दुसऱ्यालाही द्यावं, त्याची आम्ही लोकांना ओळख करून देतो. बोलतो बहुतेक वेळा आमचा निखिल. अगदी तळमळीनं बोलतो, पण सूर एकच... कंपन्या तुमच्यावर पाळत ठेवतात, तुमचं लिहिलेलं वाचतात, तुम्ही पुरते अडकलात.

काकू आमच्याच सोसायटीतल्या. सटाण्याचं आपलं लहानपण त्या नातीसाठी लॅपटॉपवर लिहितायत, तेही तिकडच्या अहिराणी बोलीत. म्हणून मीच त्यांना आग्रहानं नेलं होतं.

दोन दिवसांनी त्यांच्या घरी गेले, तर लॅपटॉप कपाटात. "कुणी वाचत असेल तर नकोच ते," काकू म्हणाल्या. "आईचं किती काय काय आहे त्यात... आणि तसंही माझं सगळं चुकतंच गं. शब्दाशब्दाखाली लाल रेघ येते."

लग्न होऊन नाशकात आल्यावर त्यांच्या बोलण्याला सगळे हसायचे. मग त्यांनी अहिराणी बोलणंच सोडलं. हे मला त्या दिवशी कळलं.

मी लॅपटॉप बाहेर काढायला लावला. त्यात लिहिण्यासाठी एक मुक्त ऑफिस प्रोग्रॅम टाकला आणि त्यांची फाइल उघडली.

"काकू, हे लिखाण इथेच, तुमच्या लॅपटॉपवर राहील. आणि तुमचं काही चुकत नाहीये. कॉम्प्युटरला अहिराणी येत नाही, एवढंच. आपण शिकवू या. शिकवलेलं इतरांनाही देता येतं, कुणाची परवानगी लागत नाही."

मग त्या शब्द सांगत गेल्या, मी त्यांचा शब्दकोश करत गेले. शे म्हणजे आहे, मन्ही म्हणजे माझी, आंडेर म्हणजे मुलगी, तठे म्हणजे तिथे... मधे चहा झाला. पुन्हा शब्द.

शब्दकोश जोडून फाइल परत उघडली. 'मन्ही माय' या शब्दांखाली काहीच नव्हतं. स्वच्छ पांढरं.

काकूंनी चष्मा काढला.

"आई शाळेत गेली नाही कधी," मग हळूच म्हणाल्या. "तिचं बोलणं बरोबर ठरलेलं आज पहिल्यांदा बघतेय."

निखिलला हे सांगितलं. तो म्हणाला, "पुढच्या वेळी सुरुवात काकूंनी केली तर? माझं नंतर बघू."

पाळतीबद्दलचं त्याचं म्हणणं खोटं नाहीच, ते सांगायलाही हवं. पण ते ऐकून घाबरलेल्या काकूंनी लॅपटॉप कपाटात ठेवला होता... आणि आता सटाण्याचा त्यांचा धाकटा भाऊ रोज फोनवर नवे शब्द सांगतो, काकू हसत हसत ते टाइप करतात. दोघंही अहिराणीतच बोलतात.

काकू, मनापासून थँक यू... आणि तुमच्या आईलाही.