शोभेची झोळी

मी चालायला लागेपर्यंत झोळीत वाढले. मुरगूडच्या बाजूला आमचं गाव. वडील मी पोटात असतानाच गेले. आई दुसऱ्याच्या रानात भांगलायला, तण काढायला जायची आणि बांधावरच्या बाभळीला जुन्या लुगड्याची झोळी बांधून मला तीत टाकायची. एकदा झोळीत मुंग्या चढल्या. मी बोंबलत होते, आई तण काढत पार पुढं गेली होती, आणि मालकानं तिला हातातलं काम पुरं होईस्तोवर मागं येऊ दिलं नाही. हे आईनं कधी सांगितलं नाही. तिच्याबरोबरच्या बायकांनी सांगितलं.

त्या घरात फोटो असायचं काही कारणच नव्हतं. माझा पहिला फोटो दहावीच्या फॉर्मवर लागला, आईचा आधार कार्डावर. पुढं मी बी.कॉम. झाले. आमच्या भावकीत कॉलेजची पायरी चढलेली पहिली मीच, आणि हे मी कुणी विचारलं नाही तरी सांगते. कोल्हापुरात नोकरी लागली तशी आईला घेऊन आले. लग्न ठरतानाच बोलून टाकलं, आई माझ्याजवळ राहणार. नवरा भला निघाला.

लेक झाल्यावर मला एकच गोष्ट हवी होती. भिंतीवर आम्हा चौघांचा फोटो, आणि मधोमध आई. पण जावळ निघाल्याशिवाय बाळाचा फोटो भिंतीला लावायचा नाही, ही आईची अट. मोबाईलमधले तिला चालायचे. ‘ते काय फोटो हायत व्हय,’ म्हणायची. जावळ निघालं आणि त्याच आठवड्यात नवऱ्यानं राजारामपुरीतल्या एका स्टुडिओची वेळ घेतली.

आईनं माझ्या लग्नातली सिल्कची साडी काढली. घरात इस्त्री असताना घडी घालून गादीखाली ठेवली, कारण इस्त्रीवर तिचा भरवसा नाही. रोज दुपारी नातीला मांडीवर घेऊन खुर्चीत ताठ बसायची. पोरीला सवय व्हावी म्हणून, असं सांगायची. सवय कुणाला लावत होती ते मला दिसत होतं.

स्टुडिओत आत गेलो आणि माझे पाय जागच्या जागी थांबले. रंगवलेलं रान, थर्माकोलचं झाड, त्याच्या फांदीला नव्या कोऱ्या लाल लुगड्याची झोळी. शेजारी वेताची पाटी आणि प्लॅस्टिकचं खुरपं. नवऱ्यानं मोबाईलवर बघून ‘गावाकडची थीम’ ठरवली होती. मला आवडेल, असं वाटलं होतं त्याला. त्याचं सगळं आयुष्य शहरात गेलं. गाव म्हणजे हुरडा आणि आमराई.

तिथली मुलगी बोलायला गोड होती. बाळाला फेटा बांधू म्हणजे टक्कल झाकेल, म्हणाली. आईची साडी थीममध्ये बसत नाही, आतल्या खोलीत लुगडी आहेत, त्यातलं एखादं नेसा, पाटी डोक्यावर घ्या. आईनं एकदा साडीच्या पदराकडं बघितलं.

“नेसते की,” ती म्हणाली.

तिच्या त्या ‘की’नं माझ्या डोक्यात पहिली ठिणगी पडली. असंच मालकाला म्हणत असणार.

पण आत जायच्या आधी ती झाडाजवळ गेली. हात आपोआप वर गेला. झोळीची गाठ तिनं दोनदा ओढून बघितली, मग आतून हात फिरवून कापड झटकलं. काय झटकत होती, ते तिथं मला एकटीलाच कळलं.

“व्वा मावशी, अगदी नॅचरल,” ती मुलगी म्हणाली. “तसंच थांबा, बाळाला आत ठेवू.”

मी लेकीला छातीशी धरलं.

“माझी पोरगी झोळीत जाणार न्हाय.” कॉलेजनं शिकवलेली भाषा तोंडातून गेली होती. “ह्यात मी वाढलीय. शोभंला न्हाय, आईला दुसरी जागा नव्हती म्हणून.”

फोटोग्राफर पुढं आला. लोक हौसेनं काढतात, मॅडम, म्हणाला. साधा खुर्चीवरचा फोटो हवा असेल तर पासपोर्टवाल्याकडं जायचं होतं. नवरा हळूच म्हणाला, अगं, पाच मिनिटांचा प्रश्न आहे. त्याच्यावर मी जी उसळले, ते त्याला अजून आठवत असेल. लोकांना हौस असेल, म्हटलं, आम्हाला पुरेपूर झालीय. साधा पडदा लावा आणि खुर्च्या आणा. फोटोग्राफर पुटपुटत राहिला, पण पडदा लागला.

आई माझा दंड धरून म्हणाली, “किती वरडतीस. मी मागं हुबी ऱ्हाते.”

“तू मधी बसायचं.”

ती बसली, तसा फोटोग्राफर म्हणाला, मावशी, जरा हसा. आईनं मान हलवली. “हसून न्हाय,” ती म्हणाली. “नीट काढा.”

राग माझा आजही गेलेला नाही. त्या रस्त्यानं जाताना मी स्टुडिओकडं बघत नाही. फोटो मात्र बैठकीच्या खोलीत लागला आहे. आई मधल्या खुर्चीत, सिल्कच्या साडीत, मांडीवर टकली नात, दोन्ही बाजूंना आम्ही दोघं. आमच्या घरातला भिंतीवरचा हा पहिला फोटो.