जोडप्याची चिठ्ठी

गंगाधर सहा आठवड्यांपूर्वी, सोमवारी सकाळी वारला. काचेची नळी फुटून तळहात चिरला होता. जखम पिकली म्हणून डॉक्टरांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन दिलं. पूर्वी दोनदा त्याने हेच औषध घेतलं होतं, काही झालं नव्हतं. या वेळी दहा मिनिटांत श्वास कोंडला. वय अडतीस. सेलूच्या ज्या दवाखान्यात तो रक्त तपासायचा, तिथल्याच बाकावर. निरोप परभणीला माझ्याकडे दुपारी आला. कोणता गंगाधर, असं मी दोनदा विचारलं...

आम्ही शाळेपासूनचे मित्र. गरमीच्या, म्हणजे सिफिलिसच्या, तपासणीसाठी रक्त आधी हैदराबादला जायचं आणि अहवाल येईपर्यंत रोगी गावी निघून गेलेला असायचा. गंगाधर ती तपासणी शिकून आला. रक्ताचं पाणी वेगळं काढून तापवायचं, काचेवर त्यात औषधाचा थेंब टाकायचा, चार मिनिटं काच फिरवायची आणि सूक्ष्मदर्शकातून पाहायचं. कण गोळा झाले तर दोष. उत्तर त्याच दिवशी.

या पावसाळ्यात मेंढरं राखणाऱ्या घरातली एक म्हातारी सुनेला, सरूला, घेऊन आली. तिची तीन मुलं मेलेलीच जन्मली होती आणि आता चौथा महिना होता. मी तिथेच बसलो होतो.

"हिच्या रक्तात खोट हाय. तसं लिहून द्या, साहेब. पोराला दुसरी बघून ठिवलीय."

सरूच्या रक्तात दोष निघाला. गंगाधरने कागद दिला नाही. "माय, चिठ्ठी जोडप्याची निघते. पोराला धाड."

असा नियम कुठेच नव्हता.

चार दिवसांनी एक तरणा गडी आला, बाही वर करून बसला.

"बायकोचं नाव?"

"सरू."

गंगाधरने सुई खाली ठेवली. "तू नवरा न्हाईस, दीर हाईस. इकडं नवऱ्याच्या तोंडून बायकोचं नाव निघायला घटकाभर लागते. थोरल्याला धाड, अन् सांग, सुईला लय भ्यायचं नसते."

गडी हसला. दुसऱ्या दिवशी थोरला भाऊ आला. दोष त्याच्याही रक्तात होता. म्हातारी मटकन खाली बसली. लग्नाची बोलणी थांबली. एक दिवसाआड, दोघांना पेनिसिलिनची दहा-दहा इंजेक्शनं ठरली. गंगाधरने बजावलं, मधे सोडलं तर हेही मूल जाईल.

चार झाली, आणि तो सोमवार आला. संध्याकाळपर्यंत तालुकाभर झालं, सुईनं गंगाधर मेला. मंगळवारी दवाखान्यात कोणी आलं नाही. बुधवारीही नाही.

शुक्रवारी सरू एकटीच आली. डॉक्टरांनी विचारलं, घरी माहीत आहे का?

"न्हाई. सासूबाई म्हनल्या, गेलीस तर परत येऊ नकूस." तिने दंड पुढे केला. "धा म्हनले व्हते त्यांनी. चारच झाल्यात."

डॉक्टरांनी आधी कातडीत औषधाचा एक थेंब टोचला, अंगाला सोसतो का ते पाहिलं, मग पाचवं इंजेक्शन दिलं. तिला अर्धा तास त्याच बाकावर बसवलं.

साडेअकराला ती उठली आणि चालत गावाकडे गेली. रविवारी नवरा-बायको दोघं आले.