तिसरा ब्रेक माझ्या हातात : टँडेमवरून वारजे ते पाचगणी

टँडेम विकायची जाहिरात मीच लिहिली होती. ‘दोन माणसांनी चालवायची सायकल, उत्तम स्थितीत. किंमत माझ्याशी बोलावी, नवऱ्याशी बोलू नये.’ निनादने ती वाचली, चष्मा पुसला आणि म्हणाला, “शुद्धलेखन चांगलं आहे.” हा अस्सल पुण्याचा. मी अमरावतीची, नोकरीसाठी आले आणि लग्न करून वारज्याची झाले. आमच्याकडे राग आला की बोलून मोकळं होतात. इथे शुद्धलेखन तपासतात.

रागाचं कारण जुन्या कात्रज घाटात होतं. दोघं, सायकल आणि बॅगा मिळून दीडशे किलोच्या वर ऐवज. दोन ब्रेक, दोन्ही रिमला चिमटा घेणारे आणि दोन्ही पुढे बसलेल्या निनादच्या हातात. उतारावर तिसऱ्या वळणाला रबर जळल्याचा वास आला. त्याने ब्रेक पार आवळले होते, तरी वेग कमी होईना. शेवटी त्याने सायकल कडेच्या मुरमाच्या ढिगात घातली. माझं कोपर सोलवटलं. पण खरं सांगू, कोपराचं काही नाही. मागे बसून मला ना रस्ता दिसत होता, ना काही करता येत होतं. समोर फक्त त्याची पाठ. मी आयुष्यात इतकी कधी घाबरले नव्हते. पुढे बसावं म्हटलं तर पुढची फ्रेम सहा फुटी माणसाच्या मापाची. म्हणून जाहिरात.

निनादने चार आठवडे मागून घेतले आणि एक्सेल उघडलं. आयटीतला माणूस, दुसरं काय करणार. अकरा प्रकारचे ब्रेक, सात प्रकारची गिअरची चक्रं, प्रत्येकाला रंग. मी सहज वजनाचा रकाना बघितला. तिथे सायकलचं वजन होतं आणि त्याचं होतं.

“मी कुठे आहे यात?” मी विचारलं.

त्याने चष्मा पुसला आणि माझ्यासाठी नवी ओळ घातली. या वेळी टोमणा आला नाही.

मग आम्ही गेलो भवानी पेठेत, अण्णांकडे. चाळीसेक वर्षं सायकली दुरुस्त करणारा माणूस. त्यांनी एक्सेलचे कागद बाजूला ठेवले आणि त्यावर स्पोकची वाटी ठेवली. “दोन ब्रेक, दोन्ही यांच्याकडे. मागच्या बाईंनी काय करायचं, जप?”

त्यांचा सल्ला तुमच्या कामाचा आहे म्हणून लिहिते. टँडेमला आधी ब्रेक, मग गिअर. लांब उतारावर सगळा भार रिमवर टाकू नका. मागच्या चाकाला तिसरा, ड्रमचा ब्रेक बसवा. त्याचा खटका अंगठ्याने ढकलला की तिथेच राहतो आणि ड्रम हळूहळू वेग खातो. चढासाठी पुढचं सगळ्यात लहान चक्र तीस दात्यांचं, मागचं सगळ्यात मोठं चौतीसचं. आणि दोघांची पायडलं जोडणारी डावीकडची चेन सैल ठेवू नका, ती उतरली तर एकाचे पाय नुसतेच फिरतात.

ड्रम इथे मिळेना. अमेरिकेहून सुट्टीवर येणारा निनादचा मित्र तो बॅगेतून घेऊन आला, त्यामुळे आमच्या वाटची चॉकलेटं राहिली. अण्णांनी चाळीस स्पोकचं नवं चाक विणलं आणि विचारलं, “खटका कुठे लावू?”

“पुढे,” निनाद म्हणाला.

“मागे,” मी म्हणाले.

“आपसात ठरवून या. मला इतर कामं आहेत.”

निनादने माझ्या कोपरावरचा वण पाहिला. “मागे लावा,” तो म्हणाला. पाचगणीपर्यंत जायचं, आणि परत उतरताना मी एकदा जरी तशी घाबरले तर जाहिरात लावायची, असं ठरलं.

डिसेंबरातल्या एका शुक्रवारी उजाडताच निघालो. कात्रजचा चढ तीस-चौतीसने निमूट पार झाला. बोगद्यापलीकडे उतार लागला आणि मी खटका असा काही ढकलला की निनाद म्हणाला, “अगं, आपण उतारावर पायडल मारतोय.” मारू दे म्हटलं. मुरमाचा ढीग आता नव्हता. ती जागा गेली तेव्हा मी श्वास सोडला.

खेड शिवापूरला मिसळ खाल्ली. चहावाल्या मामांनी निनादला विचारलं, “मागं बसल्यात त्या पायडल मारत्यात, का नुसत्याच बसत्यात?” टँडेमवाल्यांना हा प्रश्न गावोगाव भेटतो. “ब्रेक माझ्याकडं हाय मामा,” मी म्हणाले, “म्हणून तर तुमच्याकडं थांबलोय.” मामांनी मला चहा जास्त दिला.

शिरवळच्या पुढे अमरावतीहून आईचा फोन. सायकलवरून पाचगणीला निघालोय म्हटल्यावर तिचा प्रश्न, “काहून वं, गाडी इकली का तुम्ही?” खंबाटकीचा घाट चढताना तिला समजावत बसले, दम पुरला नाही. सुरूर फाट्याला उजवीकडे वळून संध्याकाळी वाईत. कृष्णेजवळच्या साध्या लॉजमध्ये आठशे रुपयांत खोली मिळाली, सायकल जिन्याखाली.

दुसऱ्या दिवशी पसरणी घाट. दोन तास चढत होतो. पाचगणीला स्ट्रॉबेरी खाल्ल्या, पण माझं लक्ष उताराकडे.

उतरताना निनाद बोलत होता. “लाव. थोडा अजून. सोड.” मी ढकलत, सोडत होते. घाट निम्मा झाला असेल, एका वळणावर त्याचे खांदे एकदम ताठ झाले. तो काही बोलायच्या आत मी खटका पूर्ण ढकलला. सायकल मंदावली, कडेला आली आणि वळणावरून अख्खा रस्ता व्यापत एसटी वर गेली. ड्रायव्हरने हात केला. मी पण केला, डावा; उजवा अजून खटक्यावर होता.

वाईत पोहोचल्यावर निनादने रिमला बोट लावलं. “कोमट,” तो म्हणाला. मग माझ्याकडे वळला. “मी सांगायच्या आधी लावलास. तुला एसटी दिसली?”

“मला काय दिसणार? तुझी पाठ दिसली.”

तो हसला आणि मग त्याचे डोळे भरले. माझेही. मला भीती वाटली का, हे त्याने विचारलं नाही आणि मला सांगावं लागलं नाही. रविवारी खंबाटकीच्या बोगद्यातून, मागचा दिवा लावून, वारज्यात परत. घरी येऊन सगळ्यात आधी जाहिरात खोडली.

सोमवारी ऑफिसला निघालो, रोजच्यासारखे स्कूटरवर. तो पुढे, मी मागे. वारज्याच्या पुलाखाली गर्दी लागली आणि माझा उजवा अंगठा हवेत खटका शोधायला लागला. मी निनादच्या खांद्यावर थाप मारली. “उतर. आज मी चालवते.”

तो उतरला, मागे बसला आणि म्हणाला, “अण्णांना विचारून मला एक खटका बसवून घ्यावा लागेल.”